फेकलेल्या वस्तूचं गणित: वर्गसमीकरण मांडायचं कसं आणि त्याची दोन्ही उत्तरं वाचायची कशी

दहावीच्या गणित भाग १ मध्ये दुसरं प्रकरण वर्गसमीकरणांचं आहे. विज्ञान भाग १ मध्ये पहिलंच प्रकरण गुरुत्वाकर्षणाचं. दोन्ही एकाच वर्षी शिकवली जातात, पण त्यांची गाठ पडते ती थेट अकरावीत, प्रक्षेप्य गतीच्या, म्हणजे फेकलेल्या वस्तूच्या गतीच्या धड्यात. मराठी माध्यमातल्या मुलांसाठी तर तो धडा इंग्रजीतून असतो. त्यामुळे गणित येत असूनही मुलं अडतात, कारण समीकरण सोडवता येतं, पण मांडता येत नाही. आणि सोडवल्यावर जी दोन उत्तरं येतात त्यातलं एक का खोडायचं, हेही नीटसं कळलेलं नसतं. ‘वेळ ऋण नसते, म्हणून अमान्य’ ही ओळ उत्तरपत्रिकेत चालते, तिला गुणही मिळतात. पण खोडलेल्या उत्तरालाही अर्थ असतो. तो ज्याला वाचता येतो, त्याची चिन्हांची चूक सहसा होत नाही.

या लेखात चार उदाहरणं आहेत, सोपं ते अवघड या क्रमाने. वही-पेन आणि साधा कॅल्क्युलेटर घेऊन बसा. नुसतं वाचून हे डोक्यात राहत नाही. अज्ञात राशीसाठी मी ‘क्ष’ वापरला आहे. पुस्तकात तिथे इंग्रजी अक्षर असेल, तेवढाच फरक.

आधी मांडणी

फेकलेल्या वस्तूवर हवेत असताना एकच बल काम करतं, ते म्हणजे गुरुत्व, आणि तेही फक्त खालच्या दिशेने. (हवेचा विरोध आपण सोडून देतोय, त्याबद्दल पुढे बोलू.) म्हणून आडव्या दिशेचा वेग सुरुवातीला जितका असतो तितकाच शेवटपर्यंत राहतो. बदलतो तो फक्त उभा वेग, दर सेकंदाला ९.८ मीटर प्रतिसेकंद इतका. आडवी आणि उभी गती अशी वेगळी काढता येते आणि त्यातून जो मार्ग तयार होतो तो अन्वस्त, म्हणजे पॅराबोला असतो, हे गॅलिलिओने १६३८ साली छापून मांडलं. आपण आजही तीच युक्ती वापरतो.

व्यवहारात त्याचा अर्थ असा की ‘कधी?’ हा प्रश्न नेहमी उभ्या गतीला विचारायचा आणि ‘किती लांब?’ हा नंतर आडव्या गतीला. वर्गसमीकरण येतं ते ‘कधी’मधून. त्याचं मूळ रूप हे:

उंचीतला बदल = (सुरुवातीचा उभा वेग × वेळ) − ४.९ × वेळ²

४.९ म्हणजे ९.८ चा निम्मा. विस्थापनाचं जे समीकरण तुम्ही नववीत शिकलात तेच हे, फक्त त्वरणाच्या जागी −९.८ घातलेलं.

आता चिन्हं. मी एकच नियम पाळतो आणि तोच सुचवतो: जिथून वस्तू हातातून सुटते ती जागा शून्य, तिथून वर ते धन, खाली ते ऋण. मग उदाहरण वाचताना स्वतःला एकच प्रश्न विचारायचा की ज्या क्षणाबद्दल विचारलंय त्या क्षणी वस्तू हाताच्या वर आहे की खाली? वर असेल तर उंचीतला बदल धन, खाली असेल तर ऋण. काही जण जमिनीला शून्य धरतात, काही खालची दिशा धन धरतात. त्यानेही उत्तर बरोबरच येतं, पण एका उदाहरणाच्या मध्यात पद्धत बदलली की घात होतो.

उदाहरण पहिलं: गच्चीवरून वर फेकलेला चेंडू

जमिनीपासून १४.७ मीटर उंचीवरून एक चेंडू ९.८ मी/से वेगाने सरळ वर फेकला. तो जमिनीवर कधी पडेल?

आकडे मुद्दाम बेतलेले आहेत, परीक्षेत असतात तसे. पडताना चेंडू हातापेक्षा १४.७ मीटर खाली आहे, म्हणून बदल −१४.७.

−१४.७ = ९.८क्ष − ४.९क्ष²

सगळी पदं एका बाजूला आणू, आणि क्ष² चा सहगुणक धन ठेवू:

४.९क्ष² − ९.८क्ष − १४.७ = ०

४.९ ने भागलं की क्ष² − २क्ष − ३ = ०. अवयव (क्ष − ३)(क्ष + १). म्हणून क्ष = ३ किंवा क्ष = −१.

चेंडू ३ सेकंदांनी पडेल. झालं उदाहरण. पण −१ कडे जरा थांबून बघा. समीकरणाला हे माहीत नाही की चेंडू गच्चीवरून कुणीतरी फेकला. त्याला फक्त एवढंच कळतं की शून्याव्या क्षणी चेंडू अमुक जागी होता आणि अमुक वेगाने वर चालला होता. हाच चेंडू आधीपासूनच हवेत असता, तर तो एक सेकंद आधी जमिनीवर असता. ताळा करून बघू. एक सेकंद आधी त्याचा वेग ९.८ + ९.८ = १९.६ मी/से असता. जमिनीवरून १९.६ ने निघालेला चेंडू एका सेकंदात १९.६ − ४.९ = १४.७ मीटर चढतो. म्हणजे बरोबर गच्चीवर येतो, आणि तेव्हा त्याचा वेग ९.८ उरलेला असतो. ऋण उत्तर खोटं नाही. ते आपण न विचारलेल्या भूतकाळाबद्दल बोलतंय, एवढंच.

कोणतं मूळ (म्हणजे समीकरणाचं उत्तर) ठेवायचं आणि कोणतं सोडायचं हा विचार आपल्याकडे फार जुना आहे. भास्कराचार्यांच्या (जन्म १११४) बीजगणितात वानरांच्या कळपाचं एक उदाहरण आहे. कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून आलेल्या संख्येचा वर्ग केला, तितकी वानरं गुहेत गेली आणि एक बाहेर दिसतंय, तर एकूण किती? समीकरण सोडवलं की ५० आणि ५ अशी दोन उत्तरं येतात, दोन्ही धन! पण ५ घेतलं तर पाचवा भाग १, त्यातून तीन गेले की उणे दोन वानरं. म्हणून भास्कराचार्य ५ हे उत्तर सोडून देतात. मूळ धन आहे की ऋण यावर त्यांचा निर्णय ठरत नाही. ते मूळ परिस्थितीत बसतं का, हे ते तपासतात. चौथ्या उदाहरणात आपल्याला नेमकं हेच लागणार आहे. (चाळीसगावजवळच्या पाटणला कधी गेलात तर तिथला शिलालेख जरूर बघा. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने काढलेल्या मठाची नोंद त्यावर आहे.)

उदाहरण दुसरं: चावी गॅलरीत पोहोचेल का?

लिफ्ट बंद आहे, आई दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत उभी आहे आणि तुम्ही खालून चावीचा जुडगा वर फेकणार आहात. ‘आई, झेल गं!’ तुमचा हात जमिनीपासून दीड मीटरवर, तिचे हात साडेसात मीटरवर. म्हणजे जुडगा ६ मीटर चढायला हवा. समजा १२ मी/से वेगाने सरळ वर फेकला.

६ = १२क्ष − ४.९क्ष², म्हणजेच ४.९क्ष² − १२क्ष + ६ = ०

याचे अवयव पडत नाहीत. खऱ्या आयुष्यातल्या आकड्यांचे ते जवळजवळ कधीच पडत नाहीत, म्हणून अवयव शोधण्यात वेळ घालवू नका, थेट सूत्राकडे वळा. आणि सूत्रातही सर्वांत आधी विवेचक, म्हणजे वर्गमूळाच्या चिन्हाखाली येणारी संख्या, काढा. पूर्ण सूत्र एकदम कॅल्क्युलेटरमध्ये टाकायची सवय असेल तर ती मोडा.

विवेचक = १२² − ४ × ४.९ × ६ = १४४ − ११७.६ = २६.४

धन आला, म्हणजे जुडगा पोहोचतो. वर्गमूळ ५.१४. मग

क्ष = (१२ − ५.१४) ÷ ९.८ = ०.७० सेकंद, किंवा क्ष = (१२ + ५.१४) ÷ ९.८ = १.७५ सेकंद

इथे दोन्ही उत्तरं खरी आहेत. ०.७० सेकंदाला जुडगा वर जाताना आईच्या हातासमोरून जातो, १.७५ सेकंदाला खाली येताना. पहिल्यांदा सुटला तर दुसरी संधी आहे, आणि दोन्हींच्या मध्ये एका सेकंदापेक्षा थोडा जास्तच अवकाश आहे.

आता या ५.१४ कडे बघा. ०.७० सेकंदाला जुडग्याचा वेग किती? १२ − ९.८ × ०.७० = ५.१४ मी/से. विवेचकाचं वर्गमूळ आणि त्या उंचीवरचा वेग, दोन्ही एकच! हा योगायोग नाही. पण का, हे बघायला सूत्र पद्धत उपयोगाची नाही, भास्कराचार्यांच्या आधीचे गणिती श्रीधराचार्य यांची रीत वापरायला हवी. त्यांचा बीजगणितावरचा ग्रंथ आज उपलब्ध नाही. पण ही रीत भास्कराचार्यांनी आपल्या ग्रंथात उद्धृत करून ठेवली, म्हणून ती आपल्यापर्यंत आली. रीत अशी: क्ष² च्या सहगुणकाच्या चौपटीने दोन्ही बाजूंना गुणा, मग क्ष च्या सहगुणकाचा वर्ग दोन्ही बाजूंत मिळवा. अपूर्णांकांचं लचांड न होता डावीकडे पूर्ण वर्ग तयार होतो.

आपल्या समीकरणात चौपट म्हणजे १९.६. गुणून:

९६.०४क्ष² − २३५.२क्ष + ११७.६ = ०

११७.६ पलीकडे नेऊन दोन्हीकडे १४४ मिळवले:

९६.०४क्ष² − २३५.२क्ष + १४४ = १४४ − ११७.६

(९.८क्ष − १२)² = २६.४

कंसात काय आहे ते वाचा. १२ − ९.८क्ष हा क्ष सेकंदांनंतरचा वेग. म्हणजे डावी बाजू वेगाचा वर्ग आहे आणि उजवी बाजू विवेचक. गतीचं तिसरं समीकरण, ज्यात वेळ येतच नाही, ते हेच. भौतिकशास्त्रात ते वेगळं पाठ करून घेतलं जातं. प्रत्यक्षात ते दुसऱ्या समीकरणाचा पूर्ण वर्ग केला की आपोआप मिळतं.

म्हणून विवेचकाचे तीन प्रकार इथे नुसते ‘वास्तव व भिन्न, वास्तव व समान, अवास्तव’ राहत नाहीत. विवेचक धन असेल तर वस्तू त्या उंचीवर पोहोचून आणखी वर जाते, आणि विवेचकाचं वर्गमूळ हा तिथला उरलेला वेग. शून्य असेल तर ती जेमतेम तिथवर पोहोचून क्षणभर थांबते. ऋण असेल तर तिथे पोहोचायला वेगच पुरत नाही. १० मी/से ने फेकून बघा: १०० − ११७.६ = −१७.६. जुडगा वाटेतूनच परत फिरेल, आणि तो डोक्यावर पडू नये म्हणून बाजूला व्हा.

कमीत कमी वेग किती हवा, हा प्रश्न आता एका ओळीचा आहे. विवेचक शून्य ठेवा: वेग² = ११७.६, वेग = १०.८४ मी/से. झेलणाऱ्याच्या दृष्टीने हाच सर्वांत चांगला फेक, कारण जुडगा तिच्या हाताशी येऊन क्षणभर स्थिर होतो. प्रत्यक्षात इतकं नेमकं कुणालाच जमत नाही, म्हणून आपण थोडा जोर जास्तच लावतो.

उदाहरण तिसरं: गोळाफेक

पॅरिसच्या २०२४ च्या पॅरालिंपिकमध्ये सांगली जिल्ह्यातल्या सचिन खिलारी यांनी एफ-४६ गटात १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्यपदक मिळवलं. त्या फेकीचा खरा कोन आणि वेग आपण घेत नाही, पण त्याच पल्ल्याच्या आसपास पोहोचेल अशी एक फेक मांडून बघू. गोळा हातातून सुटताना जमिनीपासून २.१ मीटर उंच, वेग १२ मी/से, कोन ३७ अंश. ३७ घेतले कारण ३-४-५ च्या त्रिकोणात हा कोन जवळपास बसतो, त्यामुळे साइन ०.६ आणि कोसाइन ०.८ धरता येतात. प्रवेश परीक्षांच्या प्रश्नपत्रिकांचाही हा आवडता कोन आहे.

पहिली पायरी, वेगाचे दोन घटक करणं:

उभा वेग = १२ × ०.६ = ७.२ मी/से, आडवा वेग = १२ × ०.८ = ९.६ मी/से

यापुढे वर्गसमीकरणात १२ हा आकडा पुन्हा येता कामा नये. नवख्या मुलांची सर्वांत जास्त होणारी चूक हीच, की घटक काढतात आणि मग सवयीने पूर्ण वेगच समीकरणात घालतात.

दुसरी पायरी. गोळा जमिनीवर टेकतो तेव्हा हातापेक्षा २.१ मीटर खाली असतो, म्हणून

−२.१ = ७.२क्ष − ४.९क्ष², म्हणजेच ४.९क्ष² − ७.२क्ष − २.१ = ०

तिसरी, विवेचक: ५१.८४ + ४१.१६ = ९३. इथे मधलं चिन्ह अधिक झालं, कारण शेवटचं पद ऋण आहे. पडण्याची जागा हाताच्या खाली असेल तर विवेचक नेहमीच धन येणार. साहजिक आहे, खाली पडायला कुणाला वेग कमी पडत नाही! ९३ चं वर्गमूळ ९.६४४, आणि हाच गोळ्याचा जमिनीवर आदळतानाचा उभा वेग.

क्ष = (७.२ + ९.६४४) ÷ ९.८ = १.७१९ सेकंद

दुसरं मूळ (७.२ − ९.६४४) ÷ ९.८ = −०.२४९ सेकंद.

चौथी पायरी, आडवी गती: ९.६ × १.७१९ = १६.५० मीटर.

ऋण मुळालाही एकदा ९.६ ने गुणा: −२.३९ मीटर. म्हणजे गोळ्याचा अन्वस्त मार्ग मागे वाढवला तर तो खेळाडूच्या हाताच्या २.३९ मीटर मागे जमिनीला मिळतो. कागदावर पूर्ण कमान काढायची असेल तर हे दोन बिंदू, −२.३९ आणि १६.५०, हेच तिचे दोन पाय. त्यांच्या बरोबर मध्यावर कमानीचा माथा. मध्य काढा: (१६.५० − २.३९) ÷ २ = ७.०६ मीटर. वेगळ्या रीतीने ताळा: उभा वेग शून्य व्हायला ७.२ ÷ ९.८ = ०.७३४७ सेकंद, गुणिले ९.६ = ७.०५. शेवटच्या अंकातला फरक मधल्या आकड्यांच्या छाटणीचा आहे, म्हणून मधले आकडे निदान तीन दशांश स्थळांपर्यंत ठेवावेत आणि शेवटीच छाटावेत.

आता मुद्दाम चूक करून बघू. समजा घाईत −२.१ ऐवजी +२.१ घेतलं. समीकरण होतं ४.९क्ष² − ७.२क्ष + २.१ = ०. विवेचक ५१.८४ − ४१.१६ = १०.६८, वर्गमूळ ३.२६८. उत्तरं ०.४० आणि १.०७ सेकंद. दोन्ही धन, दोन्ही शहाण्यासारखी दिसणारी! पल्ला ९.६ × १.०७ = सव्वादहा मीटर, तोही अगदीच अशक्य वाटत नाही. मग चूक पकडायची कशी? मुळांकडे बघून. जमिनीवर पडण्याच्या प्रश्नात, हात जमिनीच्या वर असेल तर एक मूळ धन आणि एक ऋण आलंच पाहिजे. दोन्ही धन आली याचा अर्थ आपण वेगळाच प्रश्न सोडवला: ‘गोळा हाताच्या २.१ मीटर वर कधी असतो?’ तिथे तो दोनदा असतो, चढताना आणि उतरताना. खोडायच्या मुळाला अर्थ असतो असं मी सुरुवातीला म्हटलं, त्याचा रोकडा उपयोग हा.

कोनाबद्दल थोडं. ४५ अंशांना पल्ला सर्वाधिक, हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं. ते खरं आहे, पण वस्तू सुटते त्याच पातळीवर पडत असेल तरच. इथे हात वर आहे. त्याच १२ मी/से ला ४५ अंशांत पल्ला १६.५६ मीटर येतो आणि साधारण ४१.४ अंशांना सर्वाधिक, १६.६६. म्हणजे ३७ आणि ४१ मध्ये जेमतेम १६ सेंटिमीटरचा फरक. आणि मैदानावर गोळा जितका उंच कोनात ढकलावा तितका वेग कमी पडतो, कारण वजन उचलण्यात ताकद जाते. म्हणून खेळाडू ४१ च्याही खालीच राहतात. शिवाय मोजणी वर्तुळाच्या पुढच्या कडेला असलेल्या फळीपासून होते, आणि सुटताना हात फळीच्या थोडा पुढे गेलेला असतो. ते अंतर आयतंच पदरात पडतं.

उदाहरण चौथं: कोन माहीत नाही

हा प्रकार अकरावीत सर्वांत जास्त घाबरवतो. लक्ष्य ठरलेलं आहे, वेग ठरलेला आहे, कोन किती ठेवायचा? इथे वर्गसमीकरण वेळेत नाही, कोनाच्या टॅनमध्ये येतं.

बास्केटबॉलचा फ्री थ्रो घेऊ. रिंगची उंची ३.०५ मीटर. फ्री थ्रोच्या रेषेपासून रिंगच्या मध्यापर्यंत आडवं अंतर ४.२ मीटर धरू. चेंडू २.०५ मीटर उंचीवर हातातून सुटतो, म्हणजे त्याला १ मीटर चढायचंय.

वेळ = अंतर ÷ (वेग × कोसाइन). ही वेळ उंचीच्या समीकरणात घातली की पहिलं पद अंतर × टॅन होतं आणि दुसऱ्या पदात कोसाइनचा वर्ग छेदात जातो. कोसाइनच्या वर्गाचा व्यस्त म्हणजे १ + टॅन², हे दहावीच्या त्रिकोणमितीतलंच सूत्र. टॅनसाठी ‘य’ लिहिलं तर:

उंची = अंतर × य − (४.९ × अंतर² ÷ वेग²) × (१ + य²)

पहिल्या कंसातला आकडा आधी काढून ठेवा. वेग ७ मी/से असेल तर ४.९ × १७.६४ ÷ ४९ = १.७६४. समीकरण:

१ = ४.२य − १.७६४(१ + य²), म्हणजेच १.७६४य² − ४.२य + २.७६४ = ०

कंस सोडवताना १.७६४ डावीकडच्या १ मध्ये मिळतो, म्हणून शेवटचं पद २.७६४. इथे बरेच जण १.७६४ च ठेवतात, सांभाळा. विवेचक १७.६४ − १९.५० = ऋण. म्हणजे ७ मी/से ने कोणत्याही कोनात चेंडू रिंगच्या मध्यापर्यंत पोहोचत नाही. कोन बदलत बसण्यात अर्थ नाही, जोर वाढवायला हवा.

७.५ मी/से घेऊ. ४.९ × १७.६४ ÷ ५६.२५ = १.५३७.

१.५३७य² − ४.२य + २.५३७ = ०

विवेचक १७.६४ − १५.६० = २.०४, वर्गमूळ सुमारे १.४३. य = (४.२ ± १.४३) ÷ ३.०७४, म्हणजे १.८३ आणि ०.९०. कॅल्क्युलेटरवर टॅनचा व्यस्त घेतला की कोन ६१.४ अंश आणि ४२ अंश. (कॅल्क्युलेटर अंशांवर आहे ना, हे बघून घ्या. रेडियनवर राहिला तर १.०७ असं काहीतरी दाखवेल आणि तुम्ही कोड्यात पडाल.)

दोन्ही मुळं धन, दोन्ही कोन शक्य, दोन्हींत चेंडूचा मध्य रिंगच्या मध्यातून जातो. मग निवड कशी करायची? वानरांच्या उदाहरणासारखीच, परिस्थितीकडे परत जाऊन. रिंगचा व्यास ४५ सेंटिमीटर, चेंडूचा सुमारे २४. चेंडू तिरका येत असेल तर त्याच्या बाजूने बघता रिंगचं तोंड अरुंद दिसतं: ४५ × (उतरण्याच्या कोनाचा साइन).

४२ अंशांचा फेक: आडवा वेग ७.५ × ०.७४३ = ५.५७, सुरुवातीचा उभा वेग ५.०२, रिंगपर्यंत वेळ ४.२ ÷ ५.५७ = ०.७५४ सेकंद. तोवर उभा वेग ५.०२ − ९.८ × ०.७५४ = −२.३७. टॅन २.३७ ÷ ५.५७ = ०.४२५, म्हणजे चेंडू अवघ्या २३ अंशांनी उतरतोय. दिसणारं तोंड ४५ × ०.३९ = साडेसतरा सेंटिमीटर. २४ चा चेंडू त्यातून सरळ जाणारच नाही, रिंगच्या पुढच्या कडेवर आपटेल.

६१.४ अंशांचा फेक: आडवा वेग ३.५९, वेळ १.१७ सेकंद, रिंगपाशी उभा वेग −४.८७. उतरण्याचा कोन ५३.६ अंश, दिसणारं तोंड ३६ सेंटिमीटर. आरामात.

चेंडूला कमान द्यायला प्रशिक्षक उगाच सांगत नाहीत. समीकरणाने दोन कोन दिले, त्यातला एक रिंगच्या लोखंडाने खोडला.

हे कुठे चालत नाही

गोळा जड आणि लहान असतो, त्यामुळे हवेचा परिणाम नगण्य. बास्केटबॉलला थोडा फरक पडतो. क्रिकेटच्या उंच षटकाराचा पल्ला या पद्धतीने काढलात तर उत्तर खऱ्यापेक्षा बरंच जास्त येईल. बॅडमिंटनच्या शटलला तर हे गणित लावूच नका, त्याचा मार्ग अन्वस्ताच्या जवळपासही नसतो.

भालाफेक दिसायला गोळाफेकीसारखी, पण भाला हवेवर तरंगतो. नीरज चोप्रांची दोह्यातली २०२५ ची ९०.२३ मीटरची फेक नुसत्या वर्गसमीकरणात बसवायला जाऊ नका. हवेचा हात त्यात किती मोठा असतो याचा पुरावा इतिहासातच आहे: १९८४ साली उवे होन यांनी १०४.८० मीटर भाला फेकला, मैदानं अपुरी पडायची भीती निर्माण झाली, आणि १९८६ पासून पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य पुढे सरकवण्यात आला. त्याने भाल्याचं टोक लवकर खाली झुकू लागलं आणि पल्ले एकदम घटले. वजन तेवढंच ठेवून पल्ला बदलला, म्हणजे आपल्या समीकरणात नसलेलं काहीतरी तिथे काम करत होतं.

उदाहरणात वेग ताशी किलोमीटरमध्ये दिला असेल तर आधी ५ ने गुणून १८ ने भागा (ताशी ९० किमी म्हणजे २५ मी/से). आणि प्रश्नात गुरुत्व त्वरण १० धरायला सांगितलं असेल तर ४.९ च्या जागी सगळीकडे ५ घ्या. एका जागी १० आणि दुसऱ्या जागी ४.९ झालं की उत्तर ना इकडचं ना तिकडचं.

करून बघा

एक. आई तिसऱ्या मजल्यावर आहे, जुडग्याला ९ मीटर चढायचंय. कमीत कमी वेग किती? १४ मी/से ने फेकला तर तो तिच्यासमोरून केव्हा केव्हा जाईल?

दोन. त्याच फ्री थ्रोला वेग ८ मी/से. दोन कोन कोणते, आणि मोठ्या कोनाने फेकल्यास चेंडू रिंगपाशी किती अंशांनी उतरेल?

तीन. गोळाफेकीच्याच उदाहरणात गोळा हाताच्या ३ मीटर वर कधी जातो? सोडवायच्या आधी फक्त विवेचक काढा आणि त्याच्यावरून उत्तर द्या.

उत्तरं: पहिल्याचं १३.२८ मी/से, ०.९८ आणि १.८८ सेकंद. दुसऱ्याचं सुमारे ६७ आणि ३६ अंश. उतरण्याचा कोन सुमारे ६२ अंश. तिसऱ्यात ५१.८४ − ५८.८ = −६.९६, म्हणजे तो तिथवर जातच नाही.